'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता साहेब,

मेंदूदानावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मेलेल्या मेंदूतून काय डोंबल कळणार? खरं संशोधन प्राण्यांवर होतं. लेखकाने वडिलांच्या आजाराचं भांडवल केलंय." त्यापुढे संमती, नातेवाइकांवरचा दबाव वगैरे.

'डोंबल' कशाला मध्ये आणलंत? दहा वर्षं ब्लॉग लिहितोय, विरोधाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाआडून असं बोलायचं? असो. एक चूक माझी: पार्किन्सनमध्ये (कंपवातात) मेंदूतलं डोपामीन हे रसायन कमी पडतं, या व्हिएन्नातल्या शोधाचं साल 1961 पडलं होतं, ते 1960 हवं. दुरुस्त केलंय.

पण तो परिच्छेद वाचलात तरी का? एहरिंगर आणि हॉर्निकिविच या तिथल्या संशोधकांनी शवविच्छेदनातून मिळालेले मेंदू तपासले. आयोडीनच्या एका प्रक्रियेत डोपामीन असेल तर द्रावण गुलाबी होतं. पार्किन्सन नसलेल्यांच्या नमुन्यांना छान रंग आला. पार्किन्सनच्या नमुन्यांना चढेचना! नुसत्या डोळ्यांना दिसलं ते. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन ज्याचं डोपामीन होतं त्या औषधाची, इंजेक्शनं दिली गेली. लेव्होडोपाने ससे पुन्हा हलू लागतात हे दाखवणारं स्वीडनच्या कार्लसन यांचं काम त्याआधीचं, हे मलाही ठाऊक आहे. पण ते ससे औषध देऊन निपचित पाडलेले होते, त्यांना पार्किन्सन झाला नव्हता. माणसात काय कमी पडतं ते माणसाच्याच मेंदूत बघावं लागलं. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत दान केलेले मेंदू जपणारी ब्रेन बँक आहे, तिला तुलनेसाठी निरोगी मेंदूही लागतात. तुमचाही चालेल.

आता भांडवल. लेव्होडोपाची गोळी अंगठ्याच्या नखाने मोडून रोज सकाळी सहाला अर्धी बाबांच्या जिभेवर ठेवायची, हे मी अकरा वर्षं केलंय. पाऊण तासाने बशीत कप वाजायचा थांबला की आई त्यांच्या हातात पेपर द्यायची. तोवर नाही. ती गोळी कुठून आली, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

बाबा गेले तेव्हा मेंदू द्यायची आमची तयारी होती. त्या रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्यांना कोणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. उजाडेपर्यंत नातेवाईक जमले, तिरडी बांधून झाली. म्हणून तो लेख लिहिला. ह्याला भांडवल म्हणायचं असेल तर म्हणा.

संमतीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यांत शिरत नाही. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने पाठवा, टोपणनावाची इथे दिसणार नाही.