३४ इंचांचा संसार

मॉनिटर घेताना मी इंच मोजले, टेबल मोजायचं राहून गेलं. ३४ इंच हे कर्णाचं माप. रुंदी भरते साधारण ८० सेंटिमीटर, आणि आमचं टेबल ७५. त्यामुळे दोन्ही कडा बाहेर लोंबतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण उजव्या कोपऱ्याला खांदा मारूनच पुढे जातो. खोकं उघडल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "हे भिंतीवर लावायचंय, की भिंत पाडून?"

पहिल्या दिवशी हौसेने एक लेख पूर्ण पडदाभर उघडला. एक ओळ वाचत उजव्या टोकाला पोचलो, मान वळवून डावीकडे परत आलो, तर वाचलेलीच ओळ पुन्हा हाती लागली. माउसचा बाण तर रोज हरवतो. कंट्रोल दाबलं की त्याच्याभोवती वर्तुळं उमटतील अशी सोय विंडोजमध्ये सापडली, तेव्हापासून मी कोंबडीला हाक मारावी तसा ते बटण बडवत असतो.

एक्सेलमध्ये मात्र पैसे वसूल झाले. एकूण १६,३८४ रकाने असतात. लॅपटॉपवर झेडच्या आतच गाडी थांबायची, आता थेट एझेडपर्यंत दिसतात. माझा तक्ता एचला संपतो, ती गोष्ट वेगळी.

मग ऑफिसातल्या एका पोराने शिकवलं की विंडोज ११ मध्ये विंडोज-की आणि झेड दाबलं की पडद्याचे भाग पाडता येतात. पाडले तीन. डावीकडे व्हॉट्सअ‍ॅप, मधे तक्ता, उजवीकडे मेल. अगदी वाटणीपत्र झाल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी मीटिंगमध्ये मी आख्खा पडदा शेअर केला. (एकच खिडकी शेअर करता येते, हे ज्ञान संध्याकाळचं.) लोकांच्या १४ इंची लॅपटॉपवर माझे आकडे म्हणजे मुंग्यांची रांग. साहेब म्हणाले, "जरा मोठं करता का?" मी नेमकं डावीकडे क्लिक करून मोठं केलं. शेजारच्या खोलीतून आईचा मेसेज आला होता: "तुझी मीटिंग आटपली की मेथी आण. कोवळी बघून घे, मागच्या वेळेसारखी गाईपुढे टाकायची नको." दोन सेकंद सगळे गप्प. मग साहेब म्हणाले, "आधी मेथीचं बघा."

आईला यातलं काही ठाऊक नाही. तिने जुन्या इरकलीचं कव्हर शिवून दिलंय, धूळ बसू नये म्हणून. मी ते अर्धंच वर करतो. डावा भाग झाकलेला राहतो, मधे तक्ता मावतो, डोळ्यांवरचा उजेडही कमी होतो. फक्त बाण अधूनमधून इरकलीखाली शिरतो, आणि मी कंट्रोल बडवत बसतो.