रिकाम्या बसच्या फोटोतून काय कळत नाही

शहरातले बसमार्ग बदलले, फेऱ्या वाढवल्या, की थोड्याफार फरकाने एकच मजकूर फिरायला लागतो. सोबत एखाद्या रिकाम्या बसचा फोटो असतो. आशय असा: "प्रवासी नाहीत तरी बस वाढवल्या, म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आधी प्रवासी दाखवा, मग बस वाढवा. लोकांची थेट बस काढून घेतली आणि मध्येच उतरून दुसरी पकडायला लावली. थांब्यावर तीन-तीन बस एकदम येतात, म्हणजे बस गरजेपेक्षा जास्तच झाल्या आहेत. त्यांच्यामुळे रस्ते तुंबतात. आणि आता बस कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं, मग फेऱ्या वाढवायच्या कशाला?"

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यामागे कुणाचा तरी खरा त्रास आहे, म्हणून तर हा मजकूर इतका पसरतो. पण त्या त्रासातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. ते खरे मानून फेऱ्या कापल्या गेल्या, तर पहिला फटका बसतो तो बसशिवाय दुसरं साधन नसलेल्यांना. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

"बस रिकाम्या धावतात"

दुपारी अडीचला मार्गाच्या टोकाजवळ उभं राहिलं, तर कोणत्याही शहरात रिकाम्या बसचा फोटो मिळेल. पहिल्या थांब्यावर अजून कुणी चढलेलं नसतं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बहुतेक उतरलेले असतात. सकाळी शहराच्या मध्याकडे खच्चून भरून गेलेली गाडी उलट दिशेने मोकळी परतते, आणि ती परतली नाही तर पुढची भरलेली फेरी निघणारच नाही. एका फेरीत एकूण किती जण चढले, गाडी रस्त्यावर असलेल्या दर तासाला किती प्रवासी मिळाले, हे मोजायला हवं. फोटोत यातलं काहीच येत नाही.

दुपारच्या फेरीचा हिशोब आणखी वेगळा आहे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीसाठी गाडी घ्यावीच लागते, आगारात जागा ठेवावी लागते, माणसं नेमावी लागतात. हा खर्च गर्दीच्या वेळेमुळे झालेला असतो. तीच गाडी दुपारी चालवली तर वाढतात ते इंधन, झीज आणि चालक-वाहकाचे कामाचे तास. म्हणून दुपारच्या फेऱ्या कापून वाचणारी रक्कम वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. जास्त महाग पडते ती फक्त गर्दीच्या दोन-तीन तासांसाठी घेतलेली आणि बाकी दिवसभर आगारात उभी राहणारी गाडी. तिचा फोटो मात्र भरलेला येतो.

"आधी प्रवासी दाखवा, मग बस वाढवा"

संपूर्ण मजकुरातलं हे वाक्य ऐकायला सर्वांत शहाणपणाचं वाटतं आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

तासाला एक बस असलेल्या थांब्यावर प्रवासी दिसत नाहीत, कारण ज्यांना शक्य आहे त्यांनी दुसरी सोय केलेली असते आणि ज्यांना शक्य नाही त्यांनी जाणंच सोडलेलं असतं. त्या थांब्यावरची माणसं मोजून मागणी ठरवली तर उत्तर नेहमी "मागणी नाही" असंच येणार. शेवटच्या बसचंही तसंच. दुकानात रात्री नऊपर्यंत काम करणाऱ्या बाईची परतीची शेवटची बस आठला सुटत असेल, तर ती सकाळची बससुद्धा पकडत नाही. येण्या-जाण्याची वेगळी व्यवस्था करून टाकते. रात्रीची एक जादा फेरी सुरू झाली की तिच्यात कदाचित सातच जण बसतील, पण तिच्यामुळे सकाळच्या फेऱ्यांत मिळालेले प्रवासी त्या सातांत मोजले जात नाहीत.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये बसच्या बाबतीतली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. रस्त्यावर एक मोटार वाढली की बाकीच्या सगळ्यांचा वेळ थोडा वाढतो. बसचं उलट आहे. प्रवासी वाढले, त्यांच्यासाठी फेऱ्या वाढवल्या, की आधीपासून बसने जाणाऱ्यांचंही ताटकळणं कमी होतं. याची उलटी बाजू जास्त भीषण आहे: प्रवासी घटले म्हणून फेरी कापायची, फेरी कापली म्हणून आणखी काही जण सोडून जातात, मग पुढची फेरी कापायची. कित्येक मार्ग असेच संपले, आणि प्रत्येक पायरीवर कागदावर कारण "प्रतिसाद नाही" हेच होतं.

मग बस वाढवल्या की प्रवासी लगेच वाढतात का? लगेच नाही, आणि त्याच प्रमाणातही नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक वाहतुकीच्या मागणीच्या मोठ्या आढाव्यातले आकडे असे आहेत: बसची एकूण धाव १० टक्क्यांनी वाढली, तर प्रवासी सुरुवातीच्या काळात साधारण ४ टक्के आणि दीर्घकाळात ७ टक्क्यांच्या आसपास वाढतात. म्हणजे दर फेरीतली सरासरी गर्दी थोडी कमी होणार, हे मान्य करूनच चालावं लागतं. पण जुन्या प्रवाशांचा वाचलेला वेळ गर्दीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. शिवाय माणसं घर बदलताना, नोकरी धरताना, दुसरी दुचाकी घ्यायची की नाही हे ठरवताना बसचा विचार करतात, आणि असे निर्णय तीन महिन्यांत होत नसतात. तीन महिन्यांत निकाल मागणं म्हणजे परिणामाचा फक्त सुरुवातीचा भाग पाहून बाकीचा सोडून देणं.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १६ ऑगस्ट २०१५ रोजी आपलं स्थानिक बसचं जाळं जवळपास पूर्णच एका दिवसात बदललं. खर्च फारसा न वाढवता वळणावळणाचे, एकमेकांवर चढलेले मार्ग सरळ केले आणि मुख्य मार्गांवर आठवड्याचे सातही दिवस दर १५ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बस सुरू केली. मोटारींसाठी बांधलेल्या त्या शहरात पुढच्या वर्षी सर्वांत ठळक वाढ शनिवार-रविवारी दिसली, म्हणजे ज्या दिवशी "मागणी नसते" असं समजून पूर्वी फेऱ्या कमी ठेवलेल्या होत्या, नेमकी त्याच दिवशी.

"थेट बस काढून घेतली"

हा राग मी समजू शकतो. बसायला जागा मिळाली की शेवटपर्यंत हलायचं नाही, ही सोय छोटी नाही. हातात सामान, कडेवर मूल असेल तर मुळीच नाही. तरीही थेट बसची किंमत कोण देतं ते पाहायला हवं.

समजा शहराच्या चार बाजूंना चार वस्त्या आहेत आणि लोकांना जायची चार ठिकाणं आहेत. प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी थेट बस द्यायची तर १६ मार्ग होतात. हाताशी असलेल्या गाड्या १६ ठिकाणी वाटल्या की प्रत्येक मार्गावर, समजा, ४० मिनिटांनी एक बस येते. वेळ न पाहता थांब्यावर गेलात तर सरासरी २० मिनिटं ताटकळायचं. तेवढ्याच लांबीचे, मध्ये एका ठिकाणी भेटणारे चारच मार्ग केले, तर तेवढ्याच गाड्यांत प्रत्येक मार्गावर दर १० मिनिटांनी बस मिळते. आता घराजवळ सरासरी ५ मिनिटं, बदलीच्या (म्हणजे एक बस सोडून दुसरी पकडायच्या) ठिकाणी ५ मिनिटं, एकूण १०. आणि चारपैकी एका ठिकाणी जाणाऱ्याला बदलीही लागत नाही.

मार्ग सरळ करण्यातूनही हेच साधतं. जाऊन-येऊन, टोकावरच्या विश्रांतीसह, ९० मिनिटं लागणाऱ्या मार्गावर ६ गाड्या असतील तर दर १५ मिनिटांनी बस येते. दोन आडवळणं काढली आणि फेरी ७२ मिनिटांत होऊ लागली, तर त्याच ६ गाड्या आणि त्याच माणसांत ती दर १२ मिनिटांनी येते.

बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने असं जाळं उभं केलं. समुद्राकडून डोंगराकडे जाणारे १७ उभे मार्ग, किनाऱ्याला समांतर ८ आडवे आणि ३ तिरके, असे २८ मार्ग. पूर्ण नकाशा पाठ करावा लागत नाही. एक उभा आणि एक आडवा मार्ग मिळून बहुतेक ठिकाणी पोचता येतं.

मात्र बदलीच्या जाळ्याला अटी आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर फिरणारा मजकूर खरा ठरतो. दुसऱ्या बसचं वेगळं तिकीट लागता कामा नये. दुसरी बस लवकर यायला हवी. बदलीच्या जागी छप्पर, दिवा आणि रस्ता ओलांडायची नीट सोय हवी. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने १ जुलै २००४ रोजी मार्गांची फेररचना केली तेव्हा निळ्या, हिरव्या, लाल आणि पिवळ्या रंगांत मार्गांची वर्गवारी केली, त्याचबरोबर अंतरावर आधारलेलं, बस आणि मेट्रोला मिळून एकच भाडं लागू केलं आणि रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखीव मार्गिका आखल्या. सुरुवातीचे दिवस गोंधळाचे गेले, पण व्यवस्था टिकली. लंडनने २०१६ मध्ये एका तासात दुसरी बस विनामूल्य केली आणि २०१८ पासून त्या तासात कितीही बदलायची मुभा दिली.

चिलीची राजधानी सँटियागोत उलट झालं. १० फेब्रुवारी २००७ रोजी तिथे नवं जाळं एका दिवसात लागू केलं. पूर्वीपेक्षा कितीतरी कमी गाड्या, अर्धवट बसमार्गिका, गाड्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा तयार नाही. सुट्ट्या संपून मार्च उजाडला तेव्हा लोक तासनतास थांब्यांवर अडकले आणि मेट्रोत पाय ठेवायला जागा उरली नाही. राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेट यांना काम नीट झालं नसल्याची जाहीर कबुली द्यावी लागली. मार्गबदलाला विरोध करणारे हे उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. पण तिथे बदली वाढवून गाड्या घटवल्या होत्या. त्यातून जादा फेऱ्यांविरुद्ध काही सिद्ध होत नाही.

"तीन बस एकदम येतात, म्हणजे जास्त झाल्या"

एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकते. पुढच्या थांब्यावर तेवढ्या वेळात जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, बसला आणखी उशीर होतो. मागच्या बसला मात्र नुकतेच मोकळे झालेले थांबे मिळतात आणि ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. वेळापत्रक कितीही नीट आखलेलं असो, हे आपोआप घडत जातं. न्यूएल आणि पॉट्स या दोन गणितज्ञांनी १९६४ मध्येच ते गणिताने दाखवलं होतं. दर १० मिनिटांची बस जोडीने दर २० मिनिटांनी येऊ लागली की सरासरी वाट पाहणं ५ वरून १० मिनिटांवर जातं. म्हणजे दोन गाड्यांचा खर्च करून प्रवाशाला मिळते एकाच गाडीची सेवा. इथे एक गाडी काढून टाकली तर अंतर आणखी वाढेल आणि थांब्यावरची गर्दीही. ठरावीक थांब्यांवर पुढे धावणाऱ्या बसला थोडं थांबवणं, बससाठी राखीव मार्गिका आणि चढण्या-उतरण्याला लागणारा वेळ कमी करणं, हे उपाय आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ पासून सर्व दारांनी चढायची परवानगी दिली ती यासाठीच.

"बसमुळे रस्ते तुंबतात"

अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार एका मार्गिकेतून खासगी मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच मार्गिका बससाठी राखली तर ४,००० ते ८,०००. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यवर्ती भागात मोटारींवर कोंडी-शुल्क लावलं तेव्हा सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या, कारण मोटार सोडणाऱ्यांना जायला काहीतरी लागणार होतं. थांब्याच्या जागेत गाड्या उभ्या असल्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध तिरकी थांबते, हे खरं आहे. तिथे हटवायच्या त्या उभ्या गाड्या.

"मोबाइलवर बस दिसते"

दिसते, आणि त्याने अनिश्चितता कमी होते, ही मोठीच सोय आहे. पण ४० मिनिटांनी येणारी बस २७ मिनिटांवर आहे हे कळल्याने ती लवकर येत नाही. थांब्यावरची वाट घरात किंवा कामाच्या ठिकाणी सरकते, एवढंच. बदलीच्या ठिकाणी तेवढंही होत नाही, आणि मोबाइलमध्ये डेटा नसलेल्या माणसापर्यंत ही सोय पोचतच नाही.

आता या मजकुरात नसलेली, पण असायला हवी होती अशी तक्रार. मार्ग सरळ होतात तेव्हा आतल्या गल्ल्यांमधला एखादा थांबा जातो. तरुण माणसाला ४०० मीटर जास्त चालणं जमतं. काठी घेऊन चालणाऱ्याला त्यानेच घराबाहेर पडणं बंद होतं. गर्दीचे मार्ग बळकट करायचे की प्रवासी थोडे असले तरी प्रत्येक वस्तीत बस न्यायची, यातला काही भाग एकमेकांच्या विरोधात जातोच. ह्यूस्टनच्या वाहतूक संस्थेच्या संचालक मंडळाने हे लपवलं नाही. ८० टक्के साधनं प्रवासीसंख्या वाढवणाऱ्या मार्गांना आणि २० टक्के सर्वदूर पोचण्याला, असं प्रमाण त्यांनी उघडपणे ठरवलं. आयर्लंडची राजधानी डब्लिनने २०१८ मध्ये बसमार्गांच्या फेररचनेचा पहिला आराखडा मांडला तेव्हा हजारो हरकती आल्या. २०१९ मध्ये तो सुधारून पुन्हा लोकांपुढे ठेवला आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने राबवायला घेतला.

तुमच्या शहराच्या बसमार्गांच्या फेररचनेचा मसुदा येईल तेव्हा हे प्रमाण त्यात शोधा. लिहिलेलं नसेल तर लेखी विचारा: थोड्या प्रवाशांच्या वस्त्यांसाठी किती फेऱ्या राखून ठेवल्या आहेत, काढलेल्या प्रत्येक थांब्यापासून पुढचा थांबा किती मीटरवर आहे, आणि बदलीच्या प्रवासाला एकच तिकीट चालणार आहे का.