तीस सेकंदांची उधारी

सांगलीत कुणाकडंही पाचशे रुपये उसने मागा, मिळतात. चहा तर न मागता मिळतो, वर जाताना भडंगाची पुडी. पण "आमचं नवीन गाणं आलंय, चार मिनिटं ऐका" म्हणा. समोरच्या माणसाला एकदम आठवतं की त्याची गाडी डबल पार्किंगला आहे. ज्याच्याकडं गाडीच नाही त्यालासुद्धा आठवतं.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे लग्नातला आचारी. जेवण बिघडलं तरच लोक त्याला शोधतात. आमचा पाच जणांचा बँड आहे. ('बँड' म्हटल्यावर आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, वरातीला किती घेता? दर ऐकून दोनदा मोह झालाय.) आम्ही वाजवतो ते रूट्स रॉक. हे सासऱ्यांना समजावायला गेलो, ही पहिली चूक. सासरे मार्केट यार्डात हळदीचे अडते.

"म्हणजे काय हो जावईबापू?"

मी सांगितलं की अमेरिकेत साठच्या दशकाच्या शेवटी रॉकवाले गाणी वाजवता वाजवता फार लांब भरकटले. मग त्यातले काही जण माघारी वळले, आपल्या ब्लूजकडं, कंट्रीकडं, गावाकडच्या गाण्यांकडं. तसंच आम्ही आपल्या मुळांकडं निघालोय. आणि त्यांना जवळचं वाटावं म्हणून जोडून दिलं, "हळकुंडासारखं. जमिनीखालचं मूळ."

"हळकुंड मूळ नव्हे," सासरे म्हणाले. "खोड असतं ते, जमिनीखाली वाढणारं." आणि पेपर उघडला. रूट्स रॉकचा विषय आमच्या घरात तिथंच संपला.

तर या खोडांचा, म्हणजे मुळांचा, आठ गाण्यांचा अल्बम करायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्यातले चार महिने गिटारवाल्याच्या एका हट्टात गेले. त्याला इलेक्ट्रिक गिटारमधून तंबोऱ्यासारखी जवारी हवी होती. जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला जेमतेम शिवत राहते आणि स्वर गुणगुणत लांबतो. ते काम जगात कुठं करून मिळेल, तर आमच्यापासून दहा किलोमीटरवर, मिरजेत. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण लौकिक त्याच्या कितीतरी आधीचा. आम्ही एका वयस्क कारागिरांपुढं गिटार ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, पाठीवर टकटक केलं आणि विचारलं, "भोपळा कुठं गेला?"

भोपळा नसतो म्हटल्यावर त्यांनी ती ज्या मायेनं परत दिली, त्या मायेनं माणूस दुसऱ्याचं आजारी पोर परत देतो. पण काम केलं. आता गिटार गुणगुणते. गिटार दुरुस्त करणारा म्हणतो, तार घासतेय, रिपेअर करून देतो.

खरी परीक्षा आबांची होती; आमची, त्यांच्यापुढं. आबा आमचे हलगीवाले. सगळी हयात कुस्तीच्या मैदानात वाजवण्यात गेली. स्टुडिओत त्यांच्या कानाला हेडफोन लावला, त्यात क्लिकची टिकटिक सुरू केली आणि सांगितलं, हिच्याबरोबर वाजवा. पाच मिनिटांनी आबांनी हेडफोन काढला.

"हे कोण वाजवालंय?"

"मशीन आहे आबा. लय एकसारखी राहावी म्हणून."

"अरं, मैदानात पैलवान बघून हात चालवायचा असतोय. डाव बसायला लागला की वाढवायचं, दोघं दमली की सोडायचं. हितं बघू कुणाकडं?"

शेवटी ड्रमर आणि गायक काचेपलीकडं एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले, आबांनी त्यांच्याकडं बघून वाजवलं आणि पहिलं गाणं एका टेकमध्ये झालं. गायकाची मान आठवडाभर आखडली होती. पण त्या गाण्याची सुरुवात अशी झाली की आम्ही ठरवलं, पहिली चाळीस सेकंद नुसती हलगीच राहू दे.

हा निर्णय आम्हाला नडला.

त्याचं असं आहे, स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं तरच ते एकदा ऐकलं असं मोजतात. आणि २०२४ पासून नियम असा की बारा महिन्यांत गाणं किमान एक हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा पैसाच सुटत नाही. आमचे नातेवाईक पंचविसाव्या सेकंदाला "अजून गाणं सुरू होईना" म्हणून बंद करायचे आणि कळवायचे, "ऐकलं. छान आहे." आकडा मात्र जागचा हलायचा नाही. अभिनंदनाचे गुलाब एकशे दहा आले, त्यातले चौदा अल्बम यायच्या आदल्या दिवशी. एका मामांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "सगळ्यात ती मधली बाई आवडली बघ. काय गोड बोलते." आमच्या बँडमध्ये बाई नाही. ती दोन गाण्यांच्या मध्ये येऊन पैसे भरायला सांगणारी जाहिरात होती.

मग गावाच्या पद्धतीनं जायचं ठरलं. फ्लेक्स केला. फ्लेक्सवाला म्हणाला, शुभेच्छुक नसले तर बोर्ड उघडा दिसतो. त्याच्या शब्दाला मान देऊन प्रत्येकी पाचशे रुपयांना बारा शुभेच्छुक घेतले. त्यांचे गॉगलसहित फोटो बसल्यावर उरलेल्या जागेत आमचे पाच चेहरे काडेपेटीवरच्या चित्राएवढे आले. बाराही जणांनी आपापल्या स्टेटसला तो फ्लेक्स ठेवला, आमच्या बाजूनं कापून.

पाचशे हँडबिलंही छापली होती. ती कामाला आली, पण प्रकाशनाच्या दिवशी, भलत्याच रीतीनं. ऑगस्ट महिना, हवेत ओल. ओलीनं हलगीचं कातडं सैल पडतं, बोट लावलं तर भिजलेल्या पापडासारखा आवाज. तिला शेक द्यावा लागतो. मंगल कार्यालयाचा मॅनेजर जाळ म्हटल्यावर बिथरला. आत नाही, व्हरांड्यात नाही. मग मागं पार्किंगमध्ये पत्र्याच्या आडोशाला आबा बसले. लाकडं ओली, कडबा नाही. त्यांनी शेजारचा गठ्ठा ओढला आणि एकेक हँडबिल पेटवत हलगी शेकली. मी धावत गेलो तोवर शेवटची शंभर उरली होती.

"आबा, ही जाहिरात आहे आपली!"

आबांनी हलगीवर टिचकी मारली. खणकन वाजली. "मग? तापलं की तिनं."

कार्यक्रमाला साठ माणसं होती. त्यातली वीस शेजारच्या हॉलमधल्या बारशाची. जेवण कुठंय ते विचारून गेली, पण हलगी सुरू झाल्यावर दहा-बारा परत आली. त्या दिवशी आकडा सव्वीसचा एकतीस झाला. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "भाव नाही तर बाजारात काढलं कशाला? पेवात टाकायचं." सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, हे मी त्यांना आठवण करून दिलं नाही. तेवढं मला कळतं.

पुढचा आठवडा पाऊस थांबेना. आमचं घर गावभागात, म्हणजे कृष्णेच्या शेजाराला. तिथं ऑगस्टमध्ये लोक 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती फूट' विचारतात. १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं आणि आमच्या फ्रिजमध्ये गाळ होता. तेव्हापासून आईची झोप आकड्यावर चालते.

त्या रात्री बँडच्या ग्रुपवर ड्रमरनं पहिल्या गाण्याचा आकडा टाकला आणि मी बेसावधपणे ओरडलो, "चाळीस झाले!"

आतल्या खोलीत भांडं पडलं. मी चप्पल घालून आत जाईपर्यंत आई स्टुलावर होती आणि गव्हाचं पोतं अर्धं माळ्याच्या तोंडाशी.

"आई, पाणी नव्हे! गाणी!"

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की तिला अर्धाच शब्द पोचला असणार. "पाणीच म्हणतेय मी! धर खालनं!"

आयर्विनला त्या रात्री वीस-बावीस फूटच पाणी होतं. पण ढकलताना वाद घालता येत नाही. पोतं गेलं, तांदळाचा डबा गेला, घराची कागदपत्रं, देव, मिक्सर. शेवटी मी सीडींचा खोका उचलला. शंभर सीड्या, गिटारवाल्याचा दुसरा हट्ट. सत्त्याण्णव शिल्लक.

"ते राहू दे खाली," आई म्हणाली. "आधी लोणच्याची बरणी दे."

बरणी वर देताना खिशात फोन वाजला. आई वरूनच म्हणाली, "आता किती?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

"वाढतंय की रे!"