सात आठे किती?

लेक तिसरीत गेली आणि शाळेने पाढ्यांच्या सरावासाठी एक ॲप लावून दिलं. रोज दहा मिनिटं. गणित येतं, तीन सेकंदांत उत्तर टाकायचं, नाही टाकलं तर कोपऱ्यातलं घुबड डोळे पुसतं. परवा तिला ताप भरला. सलग २१ दिवसांची हजेरी मोडू नये म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. "बाबा, आज तू कर. सोप्पं आहे."

सोपंच असणार. आम्ही परवच्यावर वाढलेली माणसं. दिवेलागणीला शुभंकरोति, त्यामागोमाग बे ते तीस, एका दमात.

पहिलंच गणित: ८ × ७.

आता आमचा पाढा म्हणजे स्लो लोकल. ठाण्याहून कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, तेव्हा कुठे डोंबिवली. थेट कोपरला टपकायची सोय नाही. मी आठ एके आठपासून निघालो. आठ चोकला पोचलो तर घुबड रडत होतं.

पुढचं, सात नवे. हे येत होतं! त्रेसष्ट! मी टाकले ३६. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतो आणि बोट बिचारं कानाचं ऐकतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं, तेव्हा त्यावरचे विनोद पुढे ढकलण्यात आमच्या ऑफिसात मी पहिला होतो. मग आलं सात साते. एकोणपन्नासातला पन्नास ऐकून बोटाने पाच दाबला. काय बोलणार?

मेथी निवडता निवडता आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "छप्पन्न! अरे, मघाचं छप्पन्न!" मग पदराला हात पुसत बाहेर आली. "ह्यात औटकी आहे का?"

"औटकी म्हणजे?" लेकीने विचारलं.

"साडेतीनचा पाढा."

लेकीने शोधलं. नव्हता. "मग शिकवतं काय हे?" म्हणून आई मेथीकडे परतली.

"बाबा," पांघरुणातून आवाज आला, "आठ साते अडलं तर सात आठे म्हण ना. तेच असतं." खरंच की. दहापर्यंतचे गुणाकार १००, पण उलटसुलट जोड्या एकच धरल्या तर उरतात ५५. म्हणजे ४५ मी उगाचच पाठ केले होते. तेही छड्या खाऊन.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मेसेज आला. "सरावात अचानक मोठी घसरण दिसतेय. ॲपने तिला पुन्हा बेरजेवर नेलं आहे. घरी सगळं ठीक आहे ना?" तापात न रडलेली लेक त्यावर मात्र रडली. डोळे पुसून तिने पहिलं काम केलं ते माझं वेगळं खातं उघडण्याचं.

आता मी सकाळच्या गाडीत सराव करतो. आज ६ × ९ आलं. मी ओठातल्या ओठात सहा एके सहापासून निघालो. शेजारचे आजोबा बॅग मांडीवर घेऊन डुलक्या काढत होते. डोळे न उघडता म्हणाले, "चोपन्न."

मी झटक्यात टाकले, ४५.