‘ड्रोन पाठवा, जवान नकोत’ म्हणणाऱ्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: काँगोत ड्रोन आले आणि बंडखोरांनी शेपूट घातलं. वरून आधीच दिसलं की कत्तल टळते, आणि यंत्राला कोण अडवणार? मग उपग्रह, कॅमेरे आणि एआय हाताशी असताना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान मरायला कशाला पाठवायचे? शिवाय ‘भारत सरकारनेही हे मान्य केलंय’ अशी पुस्ती. वाचायला झकास आहे, पण तपासायला घेतलं की एकेक वाक्य गळायला लागतं.

काँगोची गोष्ट तर तारखांपाशीच अडते. पूर्व काँगोतल्या एम-२३ या बंडखोर गटाने बंड संपल्याचं जाहीर केलं ५ नोव्हेंबर २०१३ ला. शांतिसेनेचं पहिलं निःशस्त्र टेहळणी ड्रोन गोमा शहरातून रीतसर उडालं ३ डिसेंबरला. बंडखोरांना हरवलं ते काँगोच्या सैन्याने आणि दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी यांच्या सैनिकांच्या, शांतिसेनेतल्याच हस्तक्षेप ब्रिगेडने, तोफा आणि हेलिकॉप्टरं वापरून. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच एम-२३ ने गोमा पुन्हा काबीज केलं. हे मात्र मजकुरात नाही.

‘वरून आधीच दिसलं की कत्तल टळते’ हे विधान जास्त फसवं, कारण ते पटण्यासारखं आहे. ६ जून २०१४ च्या रात्री काँगोतल्याच दक्षिण किवू प्रांतातल्या मुतारुले गावावर हल्ला झाला. किमान तीस माणसं मारली गेली. शांतिसेनेचा तळ जेमतेम नऊ किलोमीटरवर होता आणि हल्ला चालू असल्याचं तिथे कळवलंही गेलं होतं. तरी त्या रात्री गावात कोणी पोचलं नाही. इथे ड्रोनने आणखी काय सांगितलं असतं? रवांडातही तेच. तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, तार करून शस्त्रसाठ्यांची आणि कत्तलीच्या तयारीची खबर दिली होती. साठ्यांवर छापा घालायला परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने उलट शांतिसेनाच २७० माणसांवर आणायचा ठराव केला.

अडतं ते बघण्यापाशी नव्हे, निघण्यापाशी. हुकूम कोण देणार, रात्री त्या रस्त्याने गाडी जाणार का, आपलं सरकार आपल्या तुकडीला धोका पत्करू देणार का, यातलं काहीच कॅमेऱ्यात दिसत नाही.

बरं, ‘यंत्राला कोण अडवणार?’ यजमान सरकार अडवतं! पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत शांतिसेनेच्या गाओ इथल्या तळावर जर्मनीची हेरॉन ही टेहळणी ड्रोन होती. २०२२ च्या अखेरीपासून तिथल्या लष्करी राजवटीने उड्डाणाची परवानगी वारंवार नाकारली. पुढच्या वर्षी जूनमध्ये अख्ख्या मोहिमेलाच निघून जायला सांगितलं. दहा वर्षांत या मोहिमेने तीनशेहून अधिक शांतिसैनिक गमावले, तेही संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत पूर्वी कधी नव्हती इतकी साधनं असताना.

म्हणून तंत्रज्ञान निरुपयोगी ठरत नाही. मे २०१४ मध्ये किवू सरोवरात बोट उलटलेली ड्रोनला दिसली आणि माणसं वाचली. पण पाण्यातून त्यांना काढायला शांतिसैनिकच गेले. सायप्रसमध्ये निकोसियाच्या संघर्षविराम रेषेवर कॅमेऱ्यांनी पहारा सोपा केला. माझ्या मते मात्र काँगोतलं सगळ्यात कामाचं यंत्र साधा मोबाइल आहे. २००८ मध्ये किवांजात भारतीय तुकडीच्या तळाजवळच दीडशेच्या आसपास लोक मारले गेले. त्यानंतर मोहिमेने स्थानिक भाषा जाणणारे संपर्क सहायक नेमले, गावागावांत फोन दिले. संकट आलं की गावकरी थेट तळाला कळवू शकतात. अर्थात फोन उचलणारा निघाला तर.

राहिली भारताची ‘मान्यता’. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे असताना परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्या उपस्थितीत ‘युनाइट अवेअर’ ही प्रणाली जाहीर झाली. भारताने त्यासाठी १६.४ लाख डॉलर दिले. तिचा हेतू रक्षण करणाऱ्यांचंच रक्षण, म्हणजे मैदानातल्या जवानाला आसपास काय चाललंय ते वेळेत कळावं. जवान हटवण्याचा त्यात विषयच नव्हता.

जुलै २०२२ मध्ये काँगोतल्या बुटेंबोत जमावाच्या हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले. ‘आपले जवान का मरतात’ हा प्रश्न रास्तच आहे. पण तो जमाव चिडला होता तो शांतिसेना आपल्याला वाचवत नाही म्हणून. त्यांना काय हवं होतं ते त्यांनीच सांगितलं होतं, आणि ते ड्रोन नव्हतं.