दुकान मालकाचे उत्तर: साफ केलेली ३५ एमएम लेन्स आणि जांभळे कोपरे

नमस्कार साहेब,

एक तारा दिलात, हरकत नाही. पण "बुरशी काढायला दिलेली लेन्स रत्नागिरीच्या या दुकानाने बिघडवून दिली, आता डिजिटलवर चारही कोपरे जांभळे आणि पुसट येतात" हे बाकीची गिऱ्हाइकंही वाचणार, म्हणून इथेच लिहितो.

तुमची ज्युपिटर-१२, म्हणजे ही जुनी सोव्हिएत ३५ एमएम लेन्स, साफ झाल्यावर आम्ही ती फिल्म कॅमेऱ्याला लावून भाट्याच्या पुलावरून फोटो काढले. निगेटिव्ह दुकानात जपून ठेवली आहे. लाइटबॉक्सवर भिंगातून बघा, अगदी कडेला आलेल्या होडीचे दोरसुद्धा सुटे सुटे दिसतात. साफ करताना काच वाकडी बसली असती तर सहसा एक बाजू खराब आली असती, तीही फिल्मवर दिसली असती. तुमच्याकडे चारही कोपरे सारखेच जातात, आणि फक्त डिजिटलवर.

लेन्स उलटी धरून बघा. मागची फुगीर काच कॅमेऱ्यात खूप आत शिरते. ही लेन्स रेंजफाइंडरसाठी, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या फिल्म कॅमेऱ्यासाठी बनलेली. त्यात आरसा नसतो, म्हणून ती काच फिल्मच्या इतकी जवळ आणता आली. पण मग कोपऱ्यातला प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मचा थर पातळ, तिला त्याचं फारसं काही नाही. तुमच्या मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात) सेन्सरपुढे सुमारे २ एमएम जाड काच असते. तिरका किरण तिच्यात सरकतो, म्हणून कडा फिसकटतात. शिवाय तो शेजारच्या पिक्सेलवर सांडतो, तिथून रंग बिघडतो.

खुद्द लायका ही जर्मन कॅमेरा कंपनीही यातून सुटली नाही. २००६ च्या एम८ या डिजिटल रेंजफाइंडरमध्ये सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान घेतला आणि काच ०.५ एमएम इतकी पातळ केली. मग डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत शिरायला लागला आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळे दिसू लागले. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना तो अडवणारे दोन-दोन फिल्टर फुकट वाटले! फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढ्या सेन्सरचा एम९ यायला २००९ उजाडलं. तिथे हे एवढं, तर जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या साध्या अ‍ॅडाप्टरकडून काय अपेक्षा ठेवायची? "जुन्या लेन्स कुठल्याही मिररलेसवर चालतात" असं व्हिडिओत सांगतात. बसतात हे खरं. पन्नासची लेन्स बऱ्यापैकी चालतेही, पस्तीसची ही नाही.

लेन्सचं छिद्र एफ/८ पर्यंत लहान केलं तर कडा थोड्या सुधारतील, रंग नाही. त्यासाठी त्याच अ‍ॅपर्चरवर पांढऱ्या पातळ प्लास्टिकमधून एक फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅट-फील्ड करेक्शन लावा, म्हणजे त्या फोटोवरून कोपऱ्यांचा रंग दुरुस्त होतो. नाहीतर क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग) वापरा, किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट.

सफाईचे पैसे परत मिळणार नाहीत, आणि अ‍ॅडाप्टर तुम्ही बाहेरून घेतलाय. पण कॅमेरा घेऊन या, दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवतो. आणि लेन्स कपाटात कोंडू नका, सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी परत धरते. सोमवारी दुकान बंद असतं.