मेनूत हुमण सक्तीचं, पण रांदणार कोण?

गुरुवारी रात्री साडेदहाला आमच्या रांदप्याने, म्हणजे आचाऱ्याने, ॲप्रन खुंटीला अडकवला, हात पुसले आणि म्हणाला, "पात्रांव, फाल्यां सावन हांव येवचो ना." मालक, उद्यापासून येत नाही म्हणे. आणि हे सांगायला वार कुठला निवडला, तर गुरुवार! म्हापशात खानावळ चालवणाऱ्यालाच कळेल याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी शुक्रवारचा बाजार. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसं पिशव्या घेऊन उतरतात आणि बारा वाजले की भुकेली होऊन आमच्या दारात उभी राहतात. नेहमीच्या दिवसाच्या दुप्पट थाळ्या जातात. आणि रांदपी चालला कुवेतला.

त्याच्यावर मी चिडलेलो नाही, हे आधी सांगतो. सत्तरी तालुक्यातला पोरगा, आठवी पास, सतराव्या वर्षी ताटं धुवायला आला होता. सहा वर्षं झाली. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमच्या माशांच्या कडीत, तेफळं (तिरफळं) वाटणात वाटायची नाहीत, बिया काढून नुसती ठेचायची आणि वरून सोडायची, हे त्याला बायकोने एकदाच सांगितलं होतं. उड्डामेथीची मेथी तेलात कुठवर लाल करायची हे तो वासावर ओळखतो. मी गल्ल्यावरून ओरडायचो, "अरे करपतंय!" आणि तो म्हणायचा, "ना पात्रांव, अजून दोन मिनिटं." दर वेळी त्याचंच बरोबर असायचं. असा हात घेऊन पोरगा निघाला, जास्त पैसे मिळतात म्हणून निघाला. माझ्या मुलाला मी काय वेगळं सांगितलं असतं?

मी चिडलोय ते वर बसलेल्यांवर.

2023 च्या शॅक धोरणात आपल्या सरकारने ठरवलं की किनाऱ्यावरच्या शॅकच्या, म्हणजे हंगामी झोपडी-हॉटेलांच्या, मेनूत गोव्याची शीत-कडी, म्हणजे भात आणि माशांची कडी, असलीच पाहिजे. वाचून मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. बटर चिकन आणि चायनीजच्या गर्दीत आपलं हुमण कुठेतरी कोपऱ्यात पडलं होतं, त्याला मान मिळाला. पुढे आमदारही बोलले, शॅकवर इडली-सांबार आणि वडापाव विकतात म्हणून परदेशी पर्यटक कमी झाले. मेनूत काय असावं यावर एवढी चर्चा झाली की विचारू नका. पण ते रांदायचं कोणी, यावर एक अक्षर नाही. सक्ती करून पदार्थ पाटीवर येतो, ताटात येत नाही साहेब. गेल्या मोसमात एका शॅकवर मी मुद्दाम शीत-कडी मागवली. जे आलं ते हळदीचं पाणी होतं, त्यात नारळ होता तो पावडरीचा, आणि वर कढीपत्त्याची फोडणी! हुमणाला फोडणी! करणारा पोरगा झारखंडचा. त्याचा काय दोष? त्याला कोणी शिकवलं होतं? मेनूत लिहा म्हणून सांगितलं, मालकाने लिहिलं, पोराने मोबाईलवर बघून केलं.

आमच्या बेबिंका मिठाईला 2023 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, फेणीला तर 2009 लाच मिळाला होता. पदार्थाला सरकारी शिक्का मिळतो. पदार्थ करणाऱ्या हाताला काय मिळतं ते माझ्या खानावळीत येऊन बघा.

आता कोणी म्हणेल, गोव्यात शिकवणाऱ्या संस्था कमी आहेत काय? पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटची केंद्र सरकारची संस्था आहे, खासगी कॉलेजं आहेत, आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो. सगळं आहे. मी गेलो होतो ना एका ठिकाणी, दोन वर्षांपूर्वी. नाव घेत नाही. म्हटलं, ट्रेनिंगला दोन पोरं द्या, जेवण देतो, खोली देतो, स्टायपेंड देतो. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तुमचं हॉटेल किती स्टार आहे?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे स्टार रात्री दिसतात, पत्रा दोन ठिकाणी फुटलाय." हसल्या नाहीत. "तुमचा एचआर कोण?" एचआर! आमच्याकडे सात माणसं. त्यात मी, बायको आणि बायकोचा आतेभाऊ.

शेवटी ओळखीतून एक पोरगा आला, कॉलेजच्या सुट्टीत, महिनाभर. हुशार होता, नाव ठेवायला जागा नाही. कांदा असा कापायचा की प्रत्येक तुकडा फूटपट्टीने मोजावा. फ्रेंच स्वयंपाकातले पाच मूळ सॉस, मदर सॉस म्हणतात ते, पाठ. बेशामेल, वेलुते आणि काय काय. पण दुसऱ्या दिवशी बांगड्याची टोपली समोर ठेवली तर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. कल्ले कुठून ओढायचे, पोट कुठे फाडायचं, काही नाही. गोव्याचं जेवण एकदा प्रॅक्टिकलला झालं होतं म्हणाला. पाच मदर सॉस शिकवता, आणि त्याच्याच आईच्या हुमणाला एक प्रॅक्टिकल? बरं, महिन्याभरात शिकला तो, तिसऱ्यांचं सुकं तर छान करायला लागला. आज कुठल्याशा क्रूझ जहाजावर आहे. तिथे कोण सोलकढी मागणार!

मग कोणीतरी म्हणालं, अप्रेंटिस घ्या, सरकार पैसे देतं. देतं, खरं आहे. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर तुमची मर्जी. माझी मर्जी होती हो! दुपारी तीन ते पाच, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, माशांच्या वासाच्या हातांनी मी त्या पोर्टलवर बसलो. तीन दिवस. ओटीपी येतो तेव्हा पान बंद पडतं, पान उघडतं तेव्हा ओटीपी येत नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तो लॅपटॉप मिटा आणि किसमूर करायला सुकी सुंगटं भाजा." भाजली.

आणि जे शिकून बसलेत त्यांच्यासाठी? त्याचीही सोय कागदावर आहे. अनुभवावर सर्टिफिकेट द्यायची. पीएमकेव्हीवायमध्ये, म्हणजे पंतप्रधानांच्या कौशल्य विकास योजनेत, आरपीएल म्हणून प्रकार आहे, म्हणजे माणूस काम करून जे शिकला त्याची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. ऐकून मला वाटलं, हे तर आमच्या रांदप्यासाठीच केलंय! चौकशीला गेलो तर तिथला माणूस म्हणतो, बॅच भरली की कळवू. त्याला आता एक वर्ष होऊन गेलं. जाताना त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "हुमण म्हणजे कशात घालू? इंडियन, चायनीज, कॉन्टिनेंटल?"

आता गंमत ऐका. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल तर वर्षाला 16.25 लाख रुपयांच्या वर पगार लागतो. का, तर इथल्या माणसाला जे काम येतं त्याला बाहेरचा कशाला. पण त्यात एक सूट आहे. स्वतःच्या देशाचं जेवण करणाऱ्या परदेशी आचाऱ्याला ही पगाराची अट लागत नाही. म्हणजे दिल्लीतल्या साहेबाला हे कळतं की थाई जेवण थाई हातानेच व्हायला हवं आणि त्यासाठी नियम जरा वाकवायला हवा. चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त थाई करीसाठी जेवढं डोकं चाललं तेवढं पणजीत आमच्या हुमणासाठी कोणाचं चाललेलं नाही.

आमच्याकडे कोण येतं? नेपाळी येतो, ओडिशाचा येतो, आसामचा येतो. गोव्यातली किचनं हीच माणसं चालवतात, उगाच नाक मुरडू नये. मी त्यांना राहायला खोली दिली, म्हणून मी घरमालक. मग पोलीस पडताळणीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, गावचा पत्ता. करायलाच हवं, मान्य. पण एका नेपाळी पोराला घेऊन गेलो तेव्हा खिडकीतला शिपाई म्हणतो, "व्हिसा दाखव." मी म्हटलं, 1950 चा करार आहे, नेपाळच्या माणसाला व्हिसाही लागत नाही आणि वर्क परमिटही. "तुम्ही वकील काय?" नाही हो, खानावळवाला आहे, पण तुमच्यामुळे सगळे कायदे पाठ झालेत! दोन फेऱ्या, अर्धा दिवस, आणि तो पोरगा मोसम संपायच्या आधीच कळंगुटच्या हॉटेलात गेला, तीन हजार जास्त मिळाले म्हणून. त्याची कागदपत्रं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

भाचा इंग्लंडात स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, 2020 संपायच्या आत, ब्रेक्झिटने दार बंद होण्याआधी. तो सांगतो, तिथले भारतीय रेस्टॉरंटवालेही आचारी नाही म्हणून ऊर बडवतात. ब्रिटिश सरकारने 22 जुलै 2025 पासून शेफना कुशल कामगाराच्या व्हिसातून बाहेरच काढलं. सरसकट पगाराची अटही 41,700 पौंडांवर नेली. बाहेरून आणू नका, तुमचीच पोरं शिकवा, असा एकूण सूर. निर्दयी वाटेल, पण निदान तोंडावर सांगितलं. आमच्याकडे तसं स्पष्ट कोणी बोलत नाही. आमच्याकडे रोजगार मेळावा होतो. मंडप, खुर्च्या, समोसा, फोटो. मी स्टॉलपाशी उभा होतो तर पोरं येऊन आधी एकच विचारत होती, "सरकारी आहे काय?" त्यांना तरी काय बोलणार. 2024 मध्ये नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळल्याची प्रकरणं बाहेर आली तेव्हा कळलंच की लोक सरकारी खुर्चीसाठी लाखांनी मोजायला तयार आहेत. खानावळीत फुकट शिकायला कोण येणार?

आमचंही चुकतं, ते लपवत नाही. मी त्याला 19,000 देत होतो, जेवणखाण धरून. सकाळी सातला बाजारात, रात्री साडेदहाला सुटका, मध्ये दोन तास पोत्यावर झोप. जूनपासून जुलैअखेर ट्रॉलर बंद, मासळी महाग, तेव्हा पगार तुकड्यातुकड्याने. वाढवला असता तर थाळी वीस रुपयांनी महागली असती आणि तुम्हीच ओरडला असता. पण गोव्यातल्या किचनमध्ये माणूस काय किमतीला राबतो ते सगळ्यांनी डिसेंबर 2025 मध्ये बघितलं ना. हडफड्याच्या त्या क्लबला आग लागली, 25 जण गेले. बहुतेक तिथले कामगार, कितीतरी जण तळघरातल्या किचनमध्येच अडकले. झारखंड, आसाम, नेपाळ. टीव्हीवर आठवडाभर परवाने, दाखले, कोणी सही केली कोणी नाही. ती पोरं गोव्यात कशाला आली होती, त्यांची कुठे नोंद होती का, हे दोन दिवसांत संपलं. त्या रात्री आमच्या रांदप्याने गॅसचे सगळे नळ तीनदा तपासले होते. बहुतेक तेव्हाच त्याच्या मनात जायचं पक्कं झालं असणार.

शुक्रवारी काय झालं? बायको चुलीवर, मी बांगडे साफ करायला, आतेभाऊ गल्ल्यावर. इसवण दीडलाच संपला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज हुमण वेगळं लागतंय." मी काही बोललो नाही.

संध्याकाळी रांदप्याचा फोन. मला वाटलं, बुद्धी झाली. पण दहावी नाही म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कुवेतला कामाला जायला सरकारची एमिग्रेशनची मंजुरी लागते, आणि एजंटाने अनुभवाचं पत्र मागितलंय. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. त्या एजंटाने त्याच्याकडून एक लाख चाळीस हजार घेतलेत. नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 अधिक जीएसटी, त्याच्या वर एक पैसा घेता येत नाही, हे मी त्याला फोनवरच सांगितलं. तो म्हणाला, "पात्रांव, तें सोडात. पत्र दितलेत न्ही?"

सहा वर्षांत सरकारच्या एकाही खात्याने त्याला जो कागद दिला नाही तो आता मी देणार, फुटक्या पत्र्याखालचा खानावळवाला. लेटरहेड माझ्याकडे कधीच नव्हतं. बाजारातल्या प्रेसमध्ये छापायला टाकलंय, शंभर कागदांच्या खाली छापत नाही म्हणाला. हुद्दा काय लिहू विचारलं तर पोरगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "एजंट म्हणटा, शेफ दी पार्टी बरय." तसं लिहा म्हणे, मोठ्या हॉटेलांच्या किचनमधला हुद्दा. ते स्पेलिंग तेवढं कोणाला येत असेल तर सांगा, सोमवारी सकाळी टाईप करायचंय.